इनासकाकांची फुंकर

ज्युलीचा ब्रॅम्प्टनहून फोन आला. तिच्या वडिलांना, म्हणजे इनासकाकांना जाऊन आता वर्ष होईल. त्या दिवशी चर्चमध्ये होणाऱ्या मिस्सानंतर वाटायला एक छोटी पुस्तिका छापायची आहे. "अंकल, यू वर्क्ड विथ हिम. फॅक्टरीतल्या फनी स्टोरीज लिहा ना. मराठीत लिहा, मम्मीला वाचायच्या आहेत."

मी हो म्हणालो. मी सहसा हो किंवा नाही एवढंच म्हणतो. त्यापुढचं बोलायला मला वेळ लागतो. किती लागतो, ते पुढे येईलच.

फनी स्टोरीजना तोटा नाही. पण एक गोष्ट फनी नाही, आणि ती वगळून बाकीच्या लिहिल्या तर आमच्या कंपनीतल्या लोकांना जे वाटतं तेच कायम राहील: इनास चांगला होता, पण त्याच्या खोडीने त्याची मशीन गेली. इनासकाकांची मशीन त्यांच्या खोडीने गेली नाही. माझ्यामुळे गेली. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मध्येच धीर सुटला तर निदान एवढं तरी कागदावर राहील.

कंपनी कॅनडातल्या मॉन्ट्रियलच्या नदीपलीकडे, इनासकाका राहायचे त्या ब्रॉसार्डपासून गाडीने पंधरा मिनिटांवर. लहान मुलांच्या औषधाच्या बाटल्यांची झाकणं आम्ही जोडायचो. झाकणाच्या आत वाटाण्याएवढं पांढरं प्लास्टिकचं बूच बसवायचं असे. हॉलच्या एका टोकाला एक मोठं थरथरणारं भांडं होतं. त्यात बुचं ओतली की ती नाचत नाचत कडेच्या वाटेने वर चढायची आणि एकामागून एक रांगेत उभी राहायची. तिथे त्यांना दाबलेल्या हवेचा झोत मिळायचा. मग एका पारदर्शक नळीतून, आमच्या डोक्यावरून, ती हॉलच्या दुसऱ्या टोकाला जोडणीच्या टेबलावर जाऊन पडायची. ना पट्टा, ना हात. नुसती हवा.

त्या हवेचे मालक इनासकाका. कंपनीच्या कागदांत ते साधे तंत्रज्ञ होते, पण नळीला कान लावून, डोळे मिटून उभे राहिले की ते मालकच वाटायचे. पंचावन्नच्या आसपासचे, बुटके, वसईकडच्या केळीच्या वाडीतून आलेले. खिशात कायम एक पेन्सिल. तिने कधी काही लिहिताना मी पाहिलं नाही. ती नळीवर टकटक करायला होती.

मी पुण्याहून नवा इंजिनियर म्हणून आलो, तेव्हा आमचं पहिलं संभाषण असं झालं:

"पुण्याचे?"

"हो."

"इंजिनियर?"

"हो."

"लग्न झालंय?"

"हो."

"तीनदा हो म्हणालात, पुरे झालं. आता या, कान लावा."

मी नळीला कान लावला.

"काय ऐकू येतंय?"

"आवाज."

"म्हणजे इंजिनियर आहात हे नक्की," ते म्हणाले. "अहो, वऱ्हाड चाललंय! नीट ऐका. खळखळ आली म्हणजे वऱ्हाड खुशीत आहे. टकटक आली म्हणजे कोणीतरी मागून ढोसतंय. आणि एकदम शांत झालं, की समजायचं रुसवा झाला."

तेव्हापासून बुचांना आम्ही वऱ्हाडीच म्हणायचो. जोडणीचं टेबल म्हणजे मांडव. नळी तुंबली की रुसवा. आणि सकाळी मशीन सुरू करायची वेळ मी सांगायचो, म्हणून मी भटजी. माझं आडनाव ढोबळे. आमच्या सात पिढ्यांत कोणी मंगलाष्टक म्हटलेलं नाही. तसं मी त्यांना सांगितलंही. ते म्हणाले, "मग इथे बढती समजा."

पहिल्याच आठवड्यात मी हवेचा दाब वाढवला. साधा हिशोब: जास्त हवा, जास्त वेग, जास्त झाकणं. पाचव्या मिनिटाला बुचं एकमेकांवर चढून नळीच्या वळणावर घट्ट बसली. इनासकाका आले, नळीवर पेन्सिल वाजवली आणि आतल्यांशी बोलावं तसं म्हणाले, "कोणाचा मानपान राहिला रे?" मग माझ्याकडे वळून, "भटजी, वऱ्हाडाला मागून ढकललं की ते दारातच अडकतं. आधी कोण शिरणार यावरून. फुंकर घालायची असते. चहावर घालतो तशी. तुम्ही मेणबत्ती विझवताय."

दाब त्यांनी कमी केला, पहिल्यापेक्षाही थोडा कमी. नळी खळखळायला लागली. त्या दिवशी झाकणं नेहमीपेक्षा जास्त निघाली. का, ते मला गणिताने समजायला पुढे बरेच दिवस लागले.

मुख्य नळीच्या शेजारून त्यांनी एक जुनी, बाद झालेली नळी टांगून ठेवली होती. तिच्यातून कंपनीचा माल जात नसे. ती त्यांची खासगी पोस्ट. मांडवात बसणारी जिझेल नावाची क्युबेकवाली, म्हणजे इथलीच फ्रेंच बोलणारी बाई होती, त्यांच्याच वयाची, आवाज भोंग्यासारखा. सुट्टीच्या आधी पाच मिनिटं इनासकाका त्या नळीत कागदात गुंडाळलेली पेपरमिंटची गोळी सोडायचे. ती भुर्रकन डोक्यावरून जाऊन जिझेलच्या पुढ्यात टपकायची. कधी गोळीऐवजी नुसता कागद, आत काहीच नाही. मग जिझेल अख्खा हॉल ओलांडून भांडायला यायची, कारण हवा एकाच दिशेने जाते, उलट टपाल नाही.

"तिला चालायला सांगितलंय डॉक्टरने," इनासकाका मला हळूच म्हणायचे. "ऐकते का कोणाचं? म्हणून हा उपाय."

एकदा आमच्या मॅनेजरच्या, मस्य बेर्नारच्या, म्हणजे बेर्नारसाहेबांच्या कोटाचं बटण हरवलं. बेर्नार उंच, इस्त्रीचा माणूस. दोन दिवस सगळ्यांना विचारत होता. बटण इनासकाकांना भांड्याखाली सापडलं होतं, पण त्यांनी ते लगेच दिलं नाही. तिसऱ्या दिवशी बाहेरचे पाहुणे आले. बेर्नार त्यांना मांडवाशी उभा राहून सांगत होता की आमच्याकडे सगळं कसं आपोआप, मानवी हात न लागता येतं. त्याच क्षणी खासगी पोस्टमधून बटण आलं आणि त्याच्यासमोर टेबलावर गरगर फिरून थांबलं. पाहुणे बघताहेत, बेर्नार बघतोय. जिझेलने ते उचलून शांतपणे त्याच्या हातात ठेवलं आणि म्हणाली, "आपोआप, मस्य."

शिव्यांचं प्रकरण मात्र सगळ्यांवर कडी होतं. क्युबेकचे लोक रागावले की चर्चमधल्या पवित्र वस्तूंची नावं घेऊन शिव्या देतात. इनासकाका दर रविवारी मिस्साला जाणारे. साधा स्क्रू पडला की जिझेलच्या तोंडी वेदीवरची पवित्र पेटी यायची आणि हे इकडे क्रूस करायचे. शेवटी त्यांनी तिच्याशी तह केला. आपल्या मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये तिला सांगितलं, की आमच्याकडच्या शिव्या फार भयंकर असतात, पण त्यात देव येत नाही. हव्या तर शिकवतो. जिझेलचे डोळे चमकले.

तीन शिकवल्या. किरकोळ रागाला भोपळा. मशीन बंद पडली तर पडवळ. आणि तिसरी, आयुष्यात दोन-तीनदाच काढायची, लहान मुलांसमोर तर मुळीच नाही: शेवग्याची शेंग.

एके दिवशी बेर्नारने सुट्टीतली पाच मिनिटं कापली. जिझेल उठली. हातमोजे काढले. टेबलावर ठेवले. आणि हॉल दणाणून सोडला: "शेव! ग्या! ची! शेंग!"

बेर्नारला शब्द कळला नाही, पण आवाज कळला. तो माझ्याकडे वळला. "ही तुमची भाषा ना? काय म्हणाली ती?"

मी इनासकाकांकडे पाहिलं. ते भांड्यामागे खाली वाकून काहीतरी शोधत होते आणि त्यांची पाठ हलत होती. मी म्हणालो, "सर, ते भाषांतर करण्यासारखं नाही." त्या कंपनीत मी केलेला हा एकमेव वात्रटपणा. दुसऱ्या दिवशी फलकावर नोटीस लागली, की कामाच्या जागी कोणत्याही भाषेत असभ्य शब्द वापरू नयेत.

नाताळाच्या जेवणाला प्रत्येकाने घरून एकेक पदार्थ आणायचा होता. इनासकाकांची बायको, फिलूकाकू, इंडियन ग्रोसरीतल्या फ्रोझन शेंगांची भाजी घेऊन आल्या. जिझेलने वाडग्यात डोकावून विचारलं, हे काय? काकूंनी निष्पापपणे नाव सांगितलं. जिझेल आधी लाल झाली, मग तिने डाव उचलला आणि इनासकाका टेबलाभोवती पळाले. पण भाजी तिने तीनदा घेतली. मला म्हणाली, "इतकी वर्षं मी हिचा अपमान करत होते." खरं म्हणजे दोनच महिने झाले होते.

आता हिवाळा. खरी गोष्ट इथे सुरू होते.

जानेवारीत बाहेर उणे पंचवीस, आत हीटिंग, आणि हवा पापडासारखी कोरडी. अशा हवेत प्लास्टिकला वीज चढते. कपडे ड्रायरमधून काढताना चटचट करतात, तीच वीज. बुचं नळीत घासली की भिंतीला चिकटून बसायची. कितीही फुंकर घाला, रुसवा निघायचा नाही. यावर इनासकाकांनी काढलेला उपाय त्यांना चर्चमध्ये सापडला होता.

तो किस्सा त्यांच्याच तोंडून ऐकण्यासारखा होता. "प्रसाद घ्यायला रांगेत उभा होतो. फादर म्हणाले, ख्रिस्ताचं शरीर. मी म्हणालो, आमेन. मागे वळलो, तर पुढच्या बाकावरची अख्खी रांग खोकतेय! घरी आल्यावर कळलं, माझ्या स्वेटरच्या पाठीला काळा मोजा चिकटलेला. येशूसमोर मोजा घेऊन गेलो भटजी! फिलू म्हणाली, ड्रायरमध्ये तो सुवासिक कागद टाकायला विसरले. मी म्हटलं, थांब. तो कागद टाकला की चिकटत नाही?"

सोमवारी ते लव्हेंडरच्या वासाच्या ड्रायर शीट्स घेऊन आले. कात्रीने नीट चौकोन कापायचा, त्याला लांब पांढरा दोरा बांधायचा, मशीन पूर्ण बंद करायची आणि तो चौकोन या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढून काढायचा. मग कोरडं फडकं. मग नुसती हवा. मग पहिली शंभरेक बुचं कचऱ्यात. "एक आत, एक बाहेर," असं म्हणून वापरलेला चौकोन ते मला उलटसुलट करून दाखवायचे. नियमात हे बसत नव्हतं. पण मशीन चालायची, म्हणून बेर्नार त्या वेळी कॉफी प्यायला जायचा.

त्या जानेवारीत इनासकाका चार दिवस टोरांटोला भाचीच्या लग्नाला गेले. जाताना म्हणाले, "भटजी, मी खऱ्या वऱ्हाडात चाललो. हे तुमच्यावर."

गुरुवारी नळी दर दहा मिनिटांनी तुंबायला लागली. बेर्नार माझ्या मागे उभा, हात पाठीशी. मी अजून प्रोबेशनवर होतो, तीन आठवडे उरले होते. सुजाताला, माझ्या बायकोला, सातवा महिना होता. ही कारणं आहेत. सबबी म्हणून लिहीत नाही, लिहिली नाहीत तर गोष्ट कळणार नाही म्हणून लिहितोय.

बेर्नार फोन घ्यायला वळला. मी इनासकाकांच्या खणातून एक ड्रायर शीट काढली, हातानेच फाडली, तिचा बोळा केला आणि नळीत घातला. दोरा बांधला नाही. मशीन बंद केली नाही. दाब वाढवला आणि बोळा सोडला. पलीकडे जिझेलचं लक्ष नव्हतं. मी धावत जाऊन तो उचलला. कागद आला एवढं मी पाहिलं. किती आला ते पाहिलं नाही.

नळी खळखळायला लागली. बेर्नार म्हणाला, "बॉन," म्हणजे छान. त्या कंपनीत मला मिळालेला तो पहिला बॉन.

सोमवारी इनासकाका लग्नाचा केक घेऊन आले.

"कसं झालं भटजी?"

"ठीक."

"रुसवा?"

"थोडा."

"काढलात?"

"हो."

त्या गुरुवारनंतर तिसऱ्या आठवड्यात, माझं प्रोबेशन संपायच्या दोन दिवस आधी, बेर्नारने आम्हा सगळ्यांना बोलावलं आणि टेबलावर एक प्लास्टिकची पिशवी ठेवली. औषध कंपनीने परत पाठवलेली. आत बुचाला गुंतलेला, नखाएवढा, पांढरा तुसदार तुकडा. लहान मुलांचं औषध, वर लव्हेंडरचा वास. नशीब, की तो बाटली भरायच्या आधीच तपासणीत सापडला. "हे कोणाचं?" बेर्नारने विचारलं.

सगळ्यांचे डोळे इनासकाकांकडे गेले. नळीत वस्तू घालणारा माणूस एकच होता.

इनासकाकांनी पिशवी उचलली, उजेडात धरली. तुकड्याची कड पाहिली. ती फाटलेली होती. कापलेली नव्हती. त्यांनी वर पाहिलं, पण माझ्याकडे नाही, छताकडे, जिथून नळी जाते तिकडे. मग म्हणाले, "कागद माझ्या खणातला आहे."

"म्हणजे तू घातलास?"

मी बोलायला हवं होतं. त्यासाठी पाच-सहा सेकंद मिळालेही होते.

"ही पद्धत माझी आहे, मस्य," इनासकाका म्हणाले. "मीच काढली."

हे खोटं नव्हतं. बेर्नारला तेवढं पुरलं.

एवढ्यावर थांबलो असतो तर मी नुसता भित्रा ठरलो असतो. पण चौकशीचा अहवाल इंजिनियरने लिहायचा असतो. परत आलेल्या खोक्यावर तारीख छापलेली होती. गुरुवारची. त्या दिवशी इनासकाका टोरांटोत होते, हे हजेरीपटावर स्वच्छ दिसत होतं. अहवालात मी ती तारीख लिहिली असती तर इनासकाका त्याच क्षणी सुटले असते आणि दुसरा कोण, हे विचारायला बेर्नारला फार लांब जावं लागलं नसतं. मी लिहिलं, "जानेवारीचा उत्तरार्ध." कारणाच्या रकान्यात त्यांचं नाव घातलं. ऑफिसने त्याचं फ्रेंच केलं. इनासकाकांना एक प्रत मिळाली, ती त्यांनी घरी नेली आणि दुसऱ्या दिवशी सही करून आणली. त्यांना लिहिलेलं फ्रेंच वाचता येत नाही, हे मला माहीत होतं. पुढे कितीतरी वर्षं मी त्याच एका गोष्टीला धरून होतो, की त्यांना काही कळलेलं नाही.

त्यांना कामावरून काढलं नाही, युनियन होती. पण मशीनवरून काढलं. हॉलच्या पलीकडच्या भागात, जमिनीवरच्या पिवळ्या रेघेपलीकडे, खोकी घडी करायला बसवलं. रेघ ओलांडायची मनाई.

ते तिथेही गप्प बसले नाहीत. खोक्याच्या आतल्या झडपेवर पेन्सिलीने मिशा काढायचे. खोकं उघडणाऱ्याला आत मिशावाला दिसायचा. पण जेवणाच्या सुट्टीत मात्र रेघेला बुटांची टोकं लावून, डोळे मिटून उभे राहायचे. आमची मशीन चालू असायची. एवढ्या गोंगाटात तिथवर काय ऐकू जात होतं देव जाणे. मग डोळे उघडून माझ्याकडे बघायचे आणि दोन बोटं खाली करायचे. मी दाब दोनने उतरवायचो. खळखळ सुरू व्हायची. ते मान डोलवून डबा खायला जायचे.

मी पुढे हवेतली वीज मारणारं एक यंत्र बसवून घेतलं. ड्रायर शीटची गरज संपली. मला बढती मिळाली, हातात सर्टिफिकेट देऊन फोटो काढला. पिवळ्या रेघेपलीकडून सगळ्यात मोठी शिट्टी इनासकाकांनी मारली. नंतर म्हणाले, "भटजी, फोटोत हसायचं असतं."

एकदा त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं, "झोप लागते ना हो तुम्हाला?"

"हो."

"मला वाटलं, बाळ रडत असेल."

आठ वर्षं गेली. ते रिटायर झाले. ब्रॉसार्डचं घर विकून ज्युलीकडे ब्रॅम्प्टनला जाणार, असं जिझेलकडून कळलं. फेब्रुवारीतल्या एका शनिवारी सकाळी मी त्यांच्या दारात उभा राहिलो. अर्धा तास गाडीतच बसलो होतो, हे त्यांनी खिडकीतून पाहिलं होतं.

"गाडी बंद पडली की भटजी?"

"काका, मला काहीतरी सांगायचंय. कबूल करायचंय."

"पापनिवेदन?" त्यांनी घड्याळात पाहिलं. "फादर दुपारी चारला बसतात." मग माझा चेहरा बघून म्हणाले, "बरं, बूट काढ. बस इथे." दाराजवळच्या बाकावर मला बसवलं आणि स्वयंपाकघरातून पीठ चाळायची चाळण घेऊन आले. शेजारी बसले, तोंड दुसरीकडे केलं आणि चाळण आमच्या दोघांच्या मध्ये, चर्चमध्ये पापनिवेदनाला फादरपुढे असते त्या जाळीसारखी धरली. "बोल, माझ्या लेकरा."

मी चाळणीला सगळं सांगितलं. कागद, बोळा, दाब.

"कागद फाडलास की कापलास?"

"फाडला."

"दोरा?"

"नाही बांधला."

"अरेरे." हे मात्र त्यांना मनापासून लागलेलं दिसलं. "नंतरची शंभर बुचं तरी टाकलीस?"

"नाही."

"अजून काही?"

अहवाल जिभेवर होता. मी म्हणालो, "नाही."

त्यांनी चाळण खाली ठेवली. "बरं. प्रायश्चित्त. माझा ड्राइव्हवे शोव्हल कर. अख्खा. गेटपर्यंत."

रात्रभर बर्फ पडला होता, वर नगरपालिकेच्या गाडीने तोंडाशी कमरेएवढा ढीग लावलेला. मी शोव्हल करायला लागलो. अर्धा झाला असेल, तेव्हा फिलूकाकू जाडजूड कोटात चहा घेऊन बाहेर आल्या.

"सांगितलंस ना एकदाचं?" त्या म्हणाल्या.

"त्यांना माहीत होतं काकू?"

"अरे, तो कागद घरी आणला त्याच संध्याकाळी ज्युलीने वाचून दाखवला. तिची शाळा फ्रेंच ना. ती तेव्हाच म्हणाली, डॅडी, यू वेअर इन टोरांटो. यात तारीखच लिहिलेली नाही." काकूंनी कप माझ्या हातात दिला. "मी म्हटलं, उद्या जाऊन सांगा साहेबाला. तर म्हणाले, त्याच्या बायकोला सातवा महिना आहे, मला काय, युनियन आहे. बोलेल तो दोन-चार दिवसांत. मग मी दर शनिवारी विचारायची, बोलला का? म्हणायचे, भटजी जरा हळू बोलतो."

चहा गरम होता. मी तो तसाच प्यायलो, तोंड भाजलं. फावडं बर्फात रोवून दाराशी गेलो. इनासकाकांनी बेल वाजायच्या आधीच दार उघडलं. एका पायात सपाता, दुसरा नुसता मोजा.

"काका, अजून एक आहे."

या वेळी चाळण आणली नाही. दारात उभं राहून, माझ्या तोंडाकडे बघत ऐकलं. मी म्हणालो, तारीख मला माहीत होती. मी ती मुद्दाम लिहिली नाही. तुमचं नाव मी लिहिलं. तुम्हाला वाचता येणार नाही म्हणून लिहिलं.

त्यांनी हात वर करून माझ्या टोपीवरचा बर्फ झटकला, मुलाचा झटकतात तसा, जरा जोरातच.

"ही मोठी आहे," ते म्हणाले. "ही माझ्या ड्राइव्हवेत बसत नाही."

त्यांनी रस्त्यापलीकडे पाहिलं. समोरच्या घरातल्या म्हाताऱ्या मदाम दार किलकिलं करून आपल्या बर्फाच्या ढिगाकडे हताशपणे बघत होत्या. इनासकाकांचा चेहरा हळूहळू उजळत गेला.

"मदाम!" त्यांनी हाक मारली. "बॉन्झूर मदाम! एक इंजिनियर पाठवतोय!"

मी फावडं खांद्यावर टाकून रस्ता ओलांडला. मधेच वळून पाहिलं. इनासकाका एका सपातेवर तोल सांभाळत, दोन्ही हात हलवत, त्यांच्या त्या फ्रेंचमध्ये मदामना ओरडून सांगत होते, की माणूस मजबूत आहे, मागचं अंगणही करून घ्या, आणि काही झालं तरी त्याला कॉफी देऊ नका. दार सताड उघडं होतं, सगळी थंडी घरात शिरत होती, आणि आतून फिलूकाकू त्यांच्या नावाने ओरडत होत्या.